पुन्हा पुन्हा उभा राहणारा उमेदवार

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

निवडणूक हरलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "किती खर्च झाला?" आणि दुसरा, "आता पुन्हा उभे राहणार का?" आमच्या घरी हे दोन्ही प्रश्न दोन वेळा विचारून झाले आहेत. माझे वडील २०१५ साली ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. २०२० साली पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले, एकतीस मतांनी. दुसऱ्या वेळी मी दहावीत होते आणि खर्चाची वही माझ्याकडे होती. त्या वेळी काढलेले कर्ज अजून उसाच्या बिलातून कापले जाते. आता पुढच्या निवडणुकीची चर्चा गावात सुरू झाली आहे. वडील त्याविषयी काही बोलत नाहीत. आणि बोलत नाहीत म्हणजे त्यांच्या मनात आहे, हे आई बरोबर ओळखते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत भोपाळला मावशीकडे जाण्याचा योग आला. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने थेट भोपाळला उतरता येते. मावशीचे यजमान भोपाळच्या 'भेल' कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' या नावाने स्थापन झालेला हा कारखाना, आणि त्याच्या भोवती वसलेली पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही कामगारांची वसाहत. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे इथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही बरीच. एका संध्याकाळी मी काकांना वडिलांची गोष्ट सांगितली. त्यावर काका म्हणाले, "अगं, उमेदवारी कशी करावी हे शिकायचे तर आमच्या गोविंदपुऱ्याचा अभ्यास कर." तो अभ्यास मी माझ्या परीने केला. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे त्यात जमाखर्च आपोआप आला, हे वाचकांनी समजून घ्यावे.

गोविंदपुरा म्हटले की बाबूलाल गौर हे नाव येते. जन्म १९३० सालचा, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यातला. भोपाळला येऊन त्यांनी कापड गिरणीत काम केले आणि कामगार संघटनेत शिरले. गोवा मुक्तीच्या आंदोलनातही त्यांनी भाग घेतला होता. आपल्या भागातल्या वाचकांना ही गोष्ट जवळची वाटेल. १९७४ साली भोपाळमधल्या एका पोटनिवडणुकीत ते अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. आणीबाणीत तुरुंगवास घडला. १९७७ साली पुन्हा निवडून आले. १९८० पासून २०१३ पर्यंत झालेल्या आठही निवडणुका त्यांनी गोविंदपुऱ्यातून लढवल्या आणि आठही जिंकल्या. असे एकूण सलग दहा विजय. २००४-०५ मध्ये ते मुख्यमंत्रीही होते.

दहा विजय म्हटल्यावर कोणी म्हणेल की पक्षाचे वारे असेल. म्हणून मी सालवार पाहिले. १९८५ साली मध्य प्रदेशात काँग्रेसने ३२० पैकी २५० जागा जिंकल्या. भोपाळच्या वायुदुर्घटनेला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. भारतीय जनता पक्षाच्या वाट्याला अवघ्या ५८ जागा आल्या, त्यांत गोविंदपुरा होते. १९९० ते १९९२ या काळात गौर मंत्री असताना अतिक्रमणे हटवण्याच्या धडाक्यामुळे त्यांना 'बुलडोझर मंत्री' म्हणू लागले. ज्यांची दुकाने आणि झोपड्या हलल्या ते काही खूश नव्हते. १९९३ साली त्यांच्या पक्षाची राज्यात सत्ता आली नाही, तरी गौर सुमारे एकोणसाठ हजार मतांच्या फरकाने निवडून आले. २०१३ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, हाच फरक सत्तर हजारांवर गेला होता. वारे बदलले, सरकारे बदलली, गौर मात्र निवडून येत राहिले.

काका सांगतात, "मी काही त्यांच्या पक्षाचा नव्हे. आमची युनियन वेगळी. पण हा गिरणीत राबलेला माणूस आहे, हे शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यासाठी निवडणुकीत भाषण करावे लागत नव्हते."

आता याच्या अगदी उलट टोकाचा उमेदवार पाहू. बरेलीचे काका जोगिंदर सिंग ऊर्फ 'धरतीपकड' यांनी तीनशेच्या वर निवडणुका लढवल्या आणि हरले. १९९२ साली भोपाळचेच डॉ. शंकरदयाळ शर्मा राष्ट्रपती झाले, त्या निवडणुकीतही हे गृहस्थ रिंगणात होते. अशा उमेदवाराला विजयाची अपेक्षाच नसते. सामान्य माणूसही उभा राहू शकतो, एवढेच त्याला दाखवायचे असते, आणि ते दाखवण्याची किंमत म्हणजे अनामत रक्कम. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ही रक्कम जप्त होते. तिला हिंदीत जमानत म्हणतात आणि आपल्या कन्नड विभागातले मित्र 'ठेवणी' म्हणतात. आपल्या 'ठेवी'चीच ही बहीण. फरक एवढाच की ही ठेव बहुतेकांना परत मिळत नाही.

ही रक्कम पूर्वी फार थोडी होती. विधानसभेसाठी फक्त अडीचशे रुपये. त्याचा परिणाम बेळगावइतका दुसरीकडे क्वचितच दिसला असेल. १९८५ साली बेळगावच्या विधानसभेच्या एका जागेसाठी ३०१ उमेदवार होते. १९९६ साली लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी कायदा बदलला आणि विधानसभेची अनामत पाच हजार झाली. पुढे ती दहा हजार झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिच्या निम्मी.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरा उमेदवार असतो. तो जिंकण्यासाठी उभा राहतो, पडतो, आणि तरी पुन्हा उभा राहतो. माझ्या वडिलांचे मूळ दुखणे इथे आहे, म्हणून सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. शेतकरी कामगार पक्षाचे देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, हे सर्वांना माहीत असते. ते दोनदा पडले, हे फारसे कोणी सांगत नाही. १९७२ साली ते पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. गौर पहिल्यांदा निवडून आले तेही त्याच वर्षी. १९९५ साली देशमुख अवघ्या १९२ मतांनी पडले, तेव्हा ते साठीच्या पुढे होते. १९९९ साली ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि त्यानंतर आणखी तीनदा आले.

मला प्रश्न पडला, पडलेला माणूस मधल्या चार वर्षांत काय करतो? याचे उत्तर कायद्याच्या हिशेबात सापडत नाही. उमेदवाराला रोजच्या खर्चाची नोंद ठेवावी लागते. निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाते. मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी २०२२ पासून खर्चाची मर्यादा चाळीस लाख रुपये आहे. पण हा सारा हिशेब अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतचा. त्याआधीच्या वर्षांत उमेदवार कोणाच्या दारी गेला, कोणासाठी कचेरीत खेटे घातले, कोणाच्या मयताला उभा राहिला, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

आमच्या हिशेबशास्त्रात याला एक नाव आहे. ख्याती, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण 'गुडविल' म्हणतो. दुसऱ्याचा धंदा विकत घेताना ख्यातीचे जादा पैसे मोजले असतील तर ती ताळेबंदात दाखवतात. पण वर्षानुवर्षे सचोटीने धंदा करून स्वतः मिळवलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येत नाही. ती असते, गिऱ्हाईक तिच्यामुळेच येते, पण वहीत तिचा आकडा नसतो. गौरांची आणि देशमुखांची ख्याती ही अशी होती. निवडणुकीच्या पंधरा दिवसांत ती कमावता येत नाही. पंधरा दिवसांत होतो तो फक्त खर्च.

मग ही ख्याती पुढच्या पिढीला देता येते का? पक्षाच्या वयाच्या नियमामुळे २०१६ साली गौरांना मंत्रिपद सोडावे लागले. २०१८ साली गोविंदपुऱ्याची उमेदवारी त्यांच्या सूनबाई कृष्णा गौर यांना मिळाली. त्या निवडून आल्या आणि २०२३ सालीही आल्या. मात्र त्याआधी त्या स्वतः भोपाळच्या महापौर होत्या, हे विसरून चालणार नाही. बाबूलाल गौर २०१९ साली वारले. सांगोल्यात देशमुखांनी २०१९ साली स्वतः न लढता नातवाला पुढे केले, तेव्हा तो ७६८ मतांनी पडला. २०२४ साली दुसरा नातू निवडून आला. तात्पर्य, नाव वारशाने मिळते, पण मतदार त्याची तपासणी नव्याने करतात. मला मात्र एक खटकते. एकच घर वर्षानुवर्षे उभे राहिले की त्या पक्षात राबणाऱ्या दुसऱ्या कार्यकर्त्याची पाळी येतच नाही. हे मी काकांना विचारले. ते म्हणाले, "खरे आहे. पण त्यासाठी दुसऱ्यानेही उभे राहायला हवे, आणि पडायलाही."

घरी आल्यावर मी २०२० ची वही काढली. भोंग्याची गाडी, पत्रके, चहा, जेवणावळी, मोटारसायकलींचे पेट्रोल. पंधरा दिवसांची बावीस पाने भरलेली. त्याच्या आधीच्या पाच वर्षांचे एकही पान नव्हते, आणि नंतरचेही नाही. मी ती वही वडिलांपुढे ठेवली आणि भोपाळची हकीकत सांगितली. वडील रागावतील असे वाटले होते, पण ते बराच वेळ पाने उलटत राहिले. मग म्हणाले, "एकतीस मते म्हणजे सात-आठ घरे." ती घरे कोणती, हे त्यांना नावानिशी ठाऊक होते.

दोन दिवसांनी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजींना घेऊन ते नाडकचेरीत गेले. आजींची संध्या सुरक्षा पेन्शन कित्येक महिने बंद होती. काम त्या दिवशी झाले नाही. कागद कन्नडमध्ये भरायचा होता, तो मी भरून दिला आणि पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे पुन्हा गेलो.

वडील तिसऱ्यांदा उभे राहणार की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. राहिले तर खर्चाची वही माझ्याकडेच येईल. या वेळी कर्ज काढायचे नाही, अशी माझी अट आहे, आणि ती आईने त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतली आहे.