इमारतीची देखभाल व तिची संगणकीय प्रतिकृती

मोठी इमारत उभारण्यास काही वर्षे लागतात. तिची राखण मात्र पिढ्यान् पिढ्या करावी लागते. बांधकाम संपले की कंत्राटदार आराखड्यांच्या गुंडाळ्या, यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि हमीपत्रे यांचा ढीग मालकाच्या स्वाधीन करून निघून जातो. पुढे एखाद्या रात्री तिसऱ्या मजल्यावर नळ फुटला, म्हणजे पाणी बंद करणारी झडप कोठे आहे हे त्या ढिगात शोधीत बसावे लागते. बहुधा ते एका जुन्या मिस्त्रीलाच ठाऊक असते, आणि तो निवृत्त झालेला असतो!

या अडचणीवरील एक उपाय म्हणजे 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', अर्थात इमारतीची माहितीयुक्त संगणकीय प्रतिकृती. हे केवळ त्रिमितीय चित्र नव्हे. देखभालीच्या दृष्टीने चित्र हा त्यातील गौण भाग होय. कागदावर दार म्हणजे दोन रेघा व एक कंस. प्रतिकृतीत तेच दार स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदलेले असते: ते कोणत्या खोलीचे, आगीपुढे किती वेळ टिकणारे, कुलूप कोणत्या बनावटीचे. वस्तूंचे परस्परसंबंधही नोंदता येतात. अमुक पंप कोणत्या टाकीतून पाणी घेतो, कोणत्या मजल्यास पोचवितो व वाटेत कोणती झडप आहे, हे त्यात असले तर पंप बंद करण्यापूर्वीच कोणत्या खोल्या कोरड्या पडतील ते कळते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाउस 1973 मध्ये खुले झाले. त्याच्या शिंपल्यांसारख्या छतावर दहा लाखांहून अधिक फरशा आहेत, आणि मूळचे आराखडे अर्थातच कागदावरचे. अशा वास्तूची देखभाल प्रतिकृतीच्या आधारे कशी करता येईल याचा अभ्यास तेथे झाला व त्याचा अहवाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या इमारतींनाही ही पद्धत लावता येते, हे त्याचे विशेष महत्त्व.

निरनिराळ्या संगणक-प्रणालींना एकमेकींची भाषा कळत नाही, ही मोठी अडचण होती. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासाने यामुळे होणारे नुकसान वर्षाला 1,580 कोटी डॉलर धरले. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भार इमारतींचे मालक व चालक यांच्यावर पडत होता. यासाठी 'आयएफसी' ही सामाईक मांडणी पुढे आली. देखभालीपुरती 'कोबी' नावाची मांडणी तर याहून साधी आहे: तीत चित्र मुळीच नसते, असतात ते केवळ खोल्या, यंत्रे व सुटे भाग यांचे तक्ते.

सगळेच नोंदण्याचा हव्यास मात्र घातक ठरतो. स्तंभातील प्रत्येक सळईची जागा देखभाल करणाऱ्यास क्वचितच लागते. वातानुकूलन यंत्राच्या गाळणीचे माप त्याला वारंवार लागते. शिवाय झडप बदलली आणि नोंद जुनीच राहिली, तर प्रतिकृती खात्रीने चुकीच्या जागी नेते. म्हणून नोंद दुरुस्त करणे हा झडप बदलण्याच्या कामाचाच भाग धरावा लागतो.