शर्यतीत उतरा, पण ईर्ष्येने पळू नका!

बारामती-इंदापूर भागात पहाटे कालव्याकडेच्या रस्त्याने गेले की अंधारात पळणारी मुले-मुली दिसतात. कुणाचे वडील एमआयडीसीत पाळीवर, कुणाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. या लेकरांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट असते, ती म्हणजे भरती! पोलीस शिपाई भरतीच्या सध्याच्या नियमांप्रमाणे मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण धावण्याचे आहेत. मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर. त्या काही मिनिटांवर अख्ख्या घराची भाकरी अवलंबून असते.

थंडी पडली की गावोगावी पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती होतात. आमची मुले त्यांत नाव नोंदवतात आणि जीव तोडून पळतात. बक्षीस बहुधा सराईत धावपटू नेतात. आमच्या मुलाच्या वाट्याला येते ती दुखरी नडगी. मग आठवडाभर सराव बंद. भरती जवळ आलेली असली तर हे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून शर्यतीला जाऊच नये काय? जरूर जावे! रस्ता मोकळा मिळतो, पाणी मिळते, सोबत मिळते. एरवी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीत असा निर्धोक रस्ता कुठे मिळणार? फक्त ही शर्यत सराव म्हणून, रमतगमत पुरी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे. आमच्या भाषेत सांगायचे तर सावकाश धावणे ही जमा आणि जीव तोडून धावणे हा खर्च. सावकाश लांब धावल्याने हृदय बळकट होते, स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या वाढतात, दम टिकतो आणि हाडांना व शिरांना ताण सोसायची सवय लागते. जमा न करता रोज खर्चच केला तर भरतीच्या दिवशी खाते रिकामे!

हे शास्त्र नवे नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात मुलांना धावणे शिकवीत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. १९६० साली रोमला त्याने सुवर्णपदक जिंकले. लिडियार्ड त्यालाही आठवड्याला शंभर मैलांपर्यंत पळवीत. डिसेंबर १९६१ मध्ये स्नेल चक्क पूर्ण मॅरेथॉन धावला आणि पुढच्याच महिन्यात त्याने एक मैलाचा जागतिक विक्रम मोडला. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, महार रेजिमेंटचा जवान अविनाश साबळे याची मुख्य शर्यत ३००० मीटरची. पण २०२० साली दिल्लीची २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन त्याने ६० मिनिटे ३० सेकंदांत पुरी केली. लांब पल्ल्याची मेहनत छोट्या पल्ल्याला वाया जात नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता प्रत्यक्ष काय करावे? सुरुवातीला गर्दीच्या मागे उभे राहावे. पहिला किलोमीटर सर्वांत सावकाश. एरवी दहा किलोमीटर ५० मिनिटांत जाणाऱ्याने ६५ मिनिटे घ्यावीत. घड्याळ नसले तरी अडत नाही. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग कमी करावा. कुणी पुढे गेले तर जाऊ द्यावे, हाच खरा अवघड भाग! नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. शेवटी ताकद उरली तरी जोरात सुटू नये. थांबल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटे चालावे.

छातीत कळ आली, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबावे व डॉक्टरांना दाखवावे. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडच्या अबकारी शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. नोकरी जिवापेक्षा मोठी नाही.

इथे कुणी बारामतीच्या लता करे यांचे उदाहरण देईल. पतीच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही माउली नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि २०१९ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या जिद्दीला आमचा मुजरा! पण त्यांची निकड त्याच दिवसाची होती. तुमची निकड भरतीच्या दिवसाची आहे. ताकद त्या दिवसासाठी राखून ठेवा.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. लेकरू शर्यतीहून घरी आले की “कितवा आलास गं?”, “कितवा आलास रे?” असे विचारू नका. “दम टिकला का? पाय दुखत नाही ना?” असे विचारा. पोटभर जेवू घाला आणि रात्री लवकर झोपू द्या. शेवटून दहावा आलेला तुमचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे ताज्या पायांनी पुन्हा सरावाला गेली, तर ती शर्यत त्यांनी जिंकली असे खुशाल समजा.