जुन्या गाडीला 'चांगलं' पेट्रोल म्हणजे कोणतं?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज पेट्रोलवर बोलणार, म्हणून काही जण आधीच हसताहेत. हसा. पण या विषयाने आम्हाला जितकं तर्कशास्त्र पुन्हा वाचायला लावलं, तितकं वर्गानेही लावलं नव्हतं.

आमच्या घरी १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपल्यावर एका सकाळी बॉनेट उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी फुगून मऊ पडली होती आणि खाली इंजिनावर ओला डाग. किल्ली फिरवायच्या आधी दिसलं म्हणून बरं. मग सल्ले सुरू झाले. मेकॅनिक म्हणाले, "सर, हे सगळं इथेनॉलमुळे." शेजारी म्हणाले, "महागातलं पेट्रोल भरा." दुकानदाराने तर तीन बाटल्याच पुढे ठेवल्या.

आता 'नवं पेट्रोल आलं आणि नळी गेली, म्हणून पेट्रोलने नळी गेली' हे अनुमान बरोबर आहे का? आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. साध्या भाषेत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. वीस वर्षांची नळी कुठल्याही पेट्रोलवर जाऊ शकते. पण इथे एक खूण मदतीला येते. नुसत्या वयाने रबर बहुधा कडक होतं, त्याला भेगा पडतात. इथेनॉल न सोसणारं रबर फुगतं, मऊ पडतं. आमची नळी फुगली होती. म्हणजे मेकॅनिक बरोबर होते, पण कारण तपासल्यावर बरोबर ठरले.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र चुकीचा होता, आणि ती चूक फार पसरलेली आहे. ऑक्टेन हा पेट्रोलच्या 'दर्जा'चा आकडा नाही. दाबाखाली, ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेट घेण्याला पेट्रोल किती विरोध करतं, एवढंच तो सांगतो. तो विरोध कमी पडला की इंजिन ठोकतं. पद्मिनी काय, जुनी अॅम्बेसेडर काय, यांचं कॉम्प्रेशन साधारण ७ ते ८ पट. त्यांना साधं ९१ ऑक्टेन पुरतं. जास्त ऑक्टेन भरून ताकद वाढत नाही, फक्त बिल वाढतं. हं, कोणाकडे ९:१ कॉम्प्रेशनची जॅग्वार ई-टाइप असेल, तर त्यांनी आमचं हे वाक्य ऐकू नये. त्यांना उंच ऑक्टेन खरंच लागतं.

जुन्या गाड्यांची दुसरी भीती शिशाची. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये घातलं की ठोकणं थांबतं. त्याचा एक जोडफायदाही होता. एक्झॉस्टचा तापलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, मिनिटाला हजारदा आपटतो, आणि शिशाचा पातळ थर त्या दोन धातूंना एकमेकांना चिकटून झिजण्यापासून वाचवायचा. तेच शिसं धुरातून लहान मुलांच्या मेंदूपर्यंत जात होतं. भारतात २००० साली ते बंद झालं, जगातल्या शेवटच्या पंपावर २०२१ मध्ये. जुन्या गाड्यांच्या काही शौकिनांना त्या पेट्रोलची हळहळ वाटते. आम्हाला नाही वाटत. व्हॉल्व्ह बदलता येतो.

बरं, धोका सगळ्या गाड्यांना सारखा आहे का? नाही. जुन्या १४८९ सीसी अॅम्बेसेडरचं हेड बिडाचं. सीट त्यातच कोरलेली, म्हणून झीज शक्य. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्या बसवाव्याच लागतात. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या अॅम्बेसेडरलाही फार काही होत नाही. तासन् तास एक्स्प्रेसवेवर पळवली तर होतं. ओळखायचं कसं? टॅपेटमधलं अंतर मोजत राहा. सेट केल्यावरही ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. मग शिशाऐवजी वापरायची व्हॉल्व्ह-सीट औषधं असतात, पोटॅशियम, मँगनीज, फॉस्फरस वगैरेंवर आधारलेली. यातलं एकच धरून राहावं, दोन प्रकारांची भेसळ करू नये. कायमचा उपाय म्हणजे हेड उघडण्याची वेळ येईल तेव्हा कडक सीट बसवून घेणं.

आता मुख्य दुखणं, इथेनॉल. आपल्याकडे २०२२ मध्ये पेट्रोलमधलं प्रमाण १० टक्क्यांवर आलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल मिळू लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच आहे. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, आयात कमी होते. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. आमची गाडी त्यासाठी घडवलेली नाही, एवढंच.

पहिलं, हवा-पेट्रोलचं गणित. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. नव्या गाडीतला संगणक हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरला डोळे नसतात. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होतं. गाडी ओढत नाही, अॅक्सिलरेटर दिल्यावर अडखळते, प्लग पांढुरके पडतात. उपाय म्हणजे मेन जेट एक-दोन घरं मोठा. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के तूट. अॅव्हरेज तितकं पडलं तर मेकॅनिकवर चिडू नका.

दुसरं, पाणी. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, जिथून इंजिन इंधन ओढतं. आपल्या पावसाळ्यात, चार महिने उभ्या गाडीत, गळक्या टाकीच्या झाकणातून हे सहज घडतं. एकदा थर सुटले की कुठलीही बाटली ते पुन्हा एकजीव करत नाही; टाकी रिकामीच करावी लागते. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि झाकणाचं वॉशर बदलावं.

मग त्या तीन बाटल्यांचं काय? गंज रोखणारं औषध उपयोगी, विशेषतः उभ्या गाडीला. ऑक्टेन बूस्टर आम्हाला निरुपयोगी. तिसरीवर 'इथेनॉल नाहीसं करते' असा दावा होता. ती आम्ही परत केली. नाहीसं होऊन जाणार कुठे? डांबराच्या गोळ्या टाकीत टाकण्याचा जुना उपाय तर विसराच.

इथेनॉल आहे की नाही हे घरी तपासता येतं. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवा आणि थांबा. खालचा थर १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८च्या आसपास चढला तर २० टक्के आहे. उघड्यावर करा, आणि सिगारेटवाल्या भाच्याला लांब ठेवा.

आम्ही शेवटी काय केलं? पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, गॅस्केटं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची बसवली. फ्लोरोइलॅस्टोमर म्हणून मागा. मेकॅनिक मंडळी व्हिटॉन म्हणतात. जेट बदलला. खर्च एका बाहेरच्या जेवणाइतका नव्हे, पण टायरच्या जोडीपेक्षा कमी. एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, सगळंच बदललं तर ती पद्मिनी तीच राहिली का?" ग्रीकांनी थिसियसच्या जहाजाबद्दल हेच विचारलं होतं. आम्ही त्याला म्हटलं, बस, एक चक्कर मारून येऊ, मग बोलू.

आता चिठ्ठ्या पुढे पाठवा. पहिली बहुतेक टाकीतल्या गंजाबद्दल दिसतेय.