मालाची गाडी, मुक्कामाचे घर

1901 साली लहानगे भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले अस्पृश्य आहेत हे कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन एक बैलगाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची अशी अट पडली. रात्री टोलनाक्यापाशी बैल सोडले, गाडी उतरती ठेवली आणि तिच्याच फळ्यांवर अंथरूण घालून मुले निजली. बरोबर शिदोरी होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे.

आमच्या मुळशीच्या घरात ही हकीकत पुन्हा निघाली ती एका वेगळ्याच कारणाने. पिरंगुटच्या कारखान्यांत माल पोचवण्यासाठी आम्ही एक छोटा हत्ती घेतला आहे. 20 मार्चला महाडला जायचे ठरले तेव्हा आमच्या आई म्हणाल्या, "मी नाही येत. दिवसभर पाणी न पिता आता राहवत नाही."

आम्हाला आधी कळलेच नाही. मग वहिनींनी समजावून सांगितले. चैत्यभूमी असो, दीक्षाभूमी असो की महाड, प्रवासात आडोसा मिळणार नाही या भीतीने आपल्या बाया सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. आई चाळीस वर्षे तशाच जात होत्या. ज्या तळ्यावर 1927 साली पाण्याचा हक्क बजावला गेला, त्या तळ्याला वंदन करायला आमची माय तहानलेली जात होती. हे ऐकून आम्ही पुरुष मंडळी खाली मान घालून बसलो. आणि गाडीतच आईसाठी मुक्कामाची सोय करायची असे त्या रात्री ठरले.

पहिला बेत चुकला

आमचा पहिला बेत सोपा होता. मागे बाके वेल्डिंग करायची, वर पक्के छत घालायचे आणि नऊ माणसे बसवून ताम्हिणी घाटाने निघायचे. धाकट्या वहिनींनी विम्याचा कागद वाचला आणि काम थांबवले. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 सालचा निकाल आहे. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत परस्पर करता येत नाहीत. राहण्याजोग्या मोटार कॅरव्हॅनसाठी वेगळे मानक आहे, आणि महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण तो खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही.

दादा चिडले. "सगळे गाव टेम्पोतूनच जाते ना?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "जाते. आणि घाटात गाडी उलटली तर त्या पोरांच्या मागे कोण उभे राहते?" दादांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वेल्डिंगवाल्याला नको म्हणून सांगितले.

त्यातून वाट निघाली ती अशी. गाडीला काहीही कायमचे जोडायचे नाही. सामान मालासारखे न्यायचे. केबिनमध्ये चालक आणि आणखी एक जण, बाकीची माणसे एस.टी.ने किंवा परवान्याच्या जीपने. मुक्कामी पोचल्यावर गाडी उभी करायची आणि मगच तिचे घर मांडायचे.

घर कसे मांडले

गाडीचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद आहे. सहा फूट लांब, वीस इंच रुंद आणि सोळा इंच उंच अशा वॉटरप्रूफ प्लायच्या दोन पेट्या केल्या. त्या दोन्ही बाजूंना ठेवल्या की मध्ये सतरा इंच वाट राहते. दिवसा त्यांवर बसायचे. रात्री मधल्या वाटेवर फळी टाकली की सबंध पलंग होतो. त्यावर तीन माणसे ऐसपैस निजतात. अंथरुणे, भांडी आणि शिधा पेट्यांतच राहतो. प्रवासात पेट्या दोरखंडाने घट्ट आवळायच्या, नाहीतर घाटात त्या सरकतात.

कमानी बांबूच्या केल्या. आमच्या भागात बांबूला तोटा नाही. गाडी उभी राहिल्यावर कमानी बाजूच्या फाळक्यांना बांधायच्या आणि वर ताडपत्री टाकायची. दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवून मच्छरदाणी लावायची. मागचा फाळका आडवा ठेवला की भाजी चिरायला ओटा मिळतो. स्टोव्ह मात्र ताडपत्रीपासून लांब, उघड्यावरच पेटवायचा. बंद जागेत शेगडी पेटवून झोपणे म्हणजे विषारी वायूने जीव गमावणे होय. उजेडाला बॅटरीचा दिवा पुरतो.

वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन केबिनच्या बाजूला ठेवतो. एका लिटरला एक किलो, म्हणजे पाण्याचेच चाळीस किलो झाले. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवायच्या. ताम्हिणी उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवायची, नुसत्या ब्रेकवर भरवसा टाकायचा नाही. मुक्कामी चाकांपुढे-मागे लाकडाचे ठोकळे लावायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सर्वांत स्वस्त निघाली. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडले, खाली झाकणाची बादली ठेवली, आणि चार बांबूंना जुन्या जाड चादरी बांधून आडोसा केला. बादली सार्वजनिक शौचालयातच रिकामी करायची, उघड्यावर नाही, हा नियम घरातल्या पुरुषांनी पाळायचा.

महाडच्या वाटेवर

गाडी निघताना ना मुहूर्त पाहिला, ना लिंबू-मिरची बांधली. त्रिसरण-पंचशील म्हटले आणि निघालो. आईंना केबिनमध्ये बसवले. पौड, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव करीत महाड गाठले. वाटेत गांधारपाले येथील बौद्ध लेणी खालूनच पाहिली, कारण आईंचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. महाडला गर्दीमुळे गाडी शहराबाहेर लावली.

संध्याकाळी चवदार तळ्याला वंदन करून आलो. आईंनी पेटीवर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्यायले, आणि आणखी मागितले. शेजारच्या गाडीतल्या दोन अनोळखी बाया आडोसा पाहून संकोचत विचारायला आल्या. आईंनीच त्यांना नेले. त्या रात्री आमच्या आडोशाला आठ-दहा बाया येऊन गेल्या.

बंधू-भगिनींनो, गाडी प्रत्येकाकडे नसते. पण चार बांबू, दोन चादरी आणि एक खुर्ची कोणत्याही वस्तीला जमण्याजोगी आहे. पुढच्या वेळी जथा निघेल तेव्हा निळ्या झेंड्याबरोबर एवढे सामानही घ्यावे. आणि निघण्याआधी घरातल्या बायांना एकदा विचारावे, "पाणी प्यायलात का?"

जय भीम!