ब्रेकचा आवाज : कारण आधी, पार्ट नंतर

नगर–सोलापूर रस्त्यावरचं मिरजगाव हे कर्जत तालुक्यातलं बाजाराचं मोठं गाव. कांदा, लिंबू, दूध, चारा, दुष्काळात पाण्याच्या टाक्या. असा या भागातला बराचसा माल पिकअपमधून फिरतो. 1986 साली टाटा 407 आली, 2005 साली ‘छोटा हत्ती’ आला आणि बोलेरो पिकअपनं तर खेड्यापाड्यांत पक्कं बस्तान बसवलं. या गाड्यांच्या इंजिनाची काळजी मालक घेतात. ब्रेककडे मात्र आवाज येईपर्यंत लक्ष जात नाही, आणि आवाज आला की सरळ पार्ट बदलले जातात. आवाज कुठून आणि का येतो हे शोधायचं राहूनच जातं. खरं काम तेच आहे.

बहुतेक पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढे कॅलिपरमधले पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. मागे लायनर ड्रमला आतून दाबतात. मालासह 3 टन वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगातून थांबवताना जवळपास सव्वाचार लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्या उष्णतेनं सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते.

ब्रेकचा आवाज डिस्कइतकाच जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात धातूवर धातू घासे आणि कर्कश आवाज होई. पुढे घर्षणाचं अस्तर आलं तेव्हा तो कमी झाला. आजही मूळ कारण तेच आहे : पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडलं की ‘चीं’ ऐकू येते.

प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. चार-सहा ब्रेक लागले की खरखर जाते. ब्रेक न दाबताही चालत्या चाकातून बारीक चीं येत असेल, तर पॅड संपत आल्याची खूण असू शकते. अनेक पॅडना त्यासाठीच पोलादी पट्टी असते. 2–3 मिलिमीटर अस्तर उरलं की ती डिस्कला लागते. फक्त ब्रेक दाबल्यावर चीं येत असेल, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत का, मागची शिम किंवा क्लिप पडलीय का, कॅलिपरच्या पिना सुकल्यात का, ते पाहावं.

‘खर्र’ असा जाड आवाज आला तर गाडी तिथेच थांबवावी. अस्तर संपून लोखंड डिस्कला खात असतं. मात्र कच्च्या रस्त्यावर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला तरी असाच आवाज येतो. तो काढला की काम झालं. मागून घासल्यासारखं वाटलं तर ड्रम उघडावा : साचलेली धूळ, तुटलेली स्प्रिंग, सुटलेलं अस्तर किंवा व्हील सिलिंडरची गळती सापडेल. ब्रेक लावताना एकदाच ‘टक्’ झालं तर सैल कॅलिपर, पाट्याचे बुश, यू-बोल्ट तपासावेत. पेडल थरथरत असेल तर डिस्कची जाडी कमी-जास्त झालेली असते. आणि ब्रेकशी संबंध नसलेली, वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून पाहावी : रिकामी आणि भरलेली, थंड आणि तापलेली, पुढे आणि रिव्हर्समध्ये. थांबल्यावर चाकाजवळ हात नेऊन ऊब बघावी, स्पर्श करू नये. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक बहुधा जाम आहे.

दुरुस्तीलाही नियम आहेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली स्टँड लावावा. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नये, तारेनं बांधावा. पॅड आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. ती मर्यादा ओलांडत असेल तर लेथवर न घेता नवा घालावा. पिनांना उष्णता सोसणारं ग्रीस लावावं, पण पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस किंवा तेलाचा थेंबही नको. आवाज बसावा म्हणून तिथे तेल सोडणं म्हणजे ब्रेकच काढून घेणं.

ब्रेक ऑइलही विसरू नये. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांना उकळतं. ओल धरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून माल घेऊन घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा.

पिकअपवाल्यांनो, हंगामाची पहिली खेप भरण्याआधी चारही चाकं उघडून घ्या. मेकॅनिककडे गेलात तर आधी पार्टचं नाव सांगू नका. आवाज कधी येतो, कुठून येतो, भरलेल्या गाडीत की रिकाम्या, ते सांगा. आणि काम झाल्यावर जागेवरच पेडल कडक लागेपर्यंत दाबून पाहा, मगच गाडी रस्त्यावर काढा.