तीव्र मध्यमाचे ओझे

हेवी मेटलमधील ‘डूम मेटल’ या संथ उपप्रकाराला केवळ निराशेचे संगीत म्हणणे मला अपुरे वाटते. त्याचे एक मूळ कामगाराच्या जखमेत आहे. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारीच बोटे जायबंदी झाली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त (१९७१) काही गाण्यांसाठी तारा दीड स्वर उतरवल्या. ताण घटला, नाद जड झाला.

‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७०च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीताची मुख्य चाल पाहा: सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. यमनात हाच स्वर प्रसन्न वाटतो. येथे तो भिववतो. म्हणजे भीती स्वरात नाही, मांडणीत आणि लयीत आहे.

ऐंशीच्या दशकात थ्रॅश मेटलचा वेग वाढत असताना अमेरिकेतील ‘सेंट व्हायटस’, ‘ट्रबल’ आणि स्वीडनमधील ‘कँडलमास’ (‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’, १९८६) यांनी ही संथ लय जाणीवपूर्वक निवडली. आयोमीची अडचण होती. यांच्यासाठी ती परंपरा झाली.