मांत्रिकाचे बळ आणि सोबत्यांचा वाटा



संघटनेच्या कामात उमर घालविलेल्या आमच्यासारख्याने खेळावर का बोलावे, असे कोणी विचारील. चारपाच माणसे मिळून काम करीत असता सगळे बळ एकाच्याच हाती गेले, तर बाकीच्यांनी काय करावे? हा प्रश्न कारखान्यात आहे, तसाच या खेळातही आहे.

हा खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत १९७४ साली काढलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. मंडळी टेबलाभोवती बसतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक होऊन, फासे टाकून त्यातून वाट काढतात. अनुभवाचे गुण साठले की पात्र एक पायरी वर चढते.

मांत्रिक पुढे अतिबलाढ्य होणार, हे पहिल्या नियमांत गृहीत होते. म्हणून त्या बळाची किंमतही लावलेली होती. पहिल्या पायरीवर मंत्र दिवसाला एकच. दुसरी पायरी गाठण्यास योद्ध्याला २,००० गुण लागत, मांत्रिकाला २,५००. १९७८ च्या नियमांत योद्ध्याचे प्राणबळ दहा अंकांच्या फाशाने ठरे, मांत्रिकाचे चार अंकांच्या. मंत्र म्हणताना घाव बसला, तर मंत्र वाया जाई.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्वांना गुणांचा एकच तक्ता आला. घाव बसला तरी मंत्र टिकविण्याची सोय झाली. मंत्र कागदावर उतरवून साठविणेही सोपे झाले. एकेक सुधारणा सुटी पाहिली तर रास्तच होती. जाच कोणाला हवा असतो? पण लगाम एकामागून एक सुटले आणि घोडा मोकळा झाला.

यात नव्या पुस्तकांची भर पडते. प्रकाशकाला पुस्तक खपवायचे असते, आणि जुन्याहून जोरदार काही दिले की ते खपते. योद्ध्याला नवे कसब घ्यायचे तर दुसरे सोडावे लागते. मांत्रिक मात्र नवा मंत्र आपल्या पोथीत उतरवून घेतो, जुनेही त्याच्यापाशी राहते. मग त्याला तोंड देण्यासाठी सूत्रधार शत्रू बळकट करतो. ही महागाईच झाली. ज्याच्यापाशी जुनेच पुस्तक आहे, त्याचा पगार कागदावर तोच राहतो आणि बाजारात घटतो.

मग सर्वांना सारखेच करावे काय? २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सर्वांच्या शक्ती एकाच साच्यात बसविल्या. तोल पुष्कळ साधला. पण योद्धा आणि मांत्रिक एकसारखेच वाटू लागले, अशी अनेक खेळाडूंची तक्रार झाली. समान मान म्हणजे समान काम नव्हे. सुतार आणि लोहार यांना एकच हत्यार देऊन न्याय होत नाही.

आम्हांस खरा मार्ग दिसतो तो कुलूप उघडण्याच्या मंत्रात. १९७८ च्या नियमांत नवख्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शेकडा २५ च्या आसपास. मांत्रिकाने मंत्र म्हटला की दार उघडलेच. मग चोराने टेबलाशी बसून करायचे काय? २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्या मंत्राने दार उघडते खरे, पण ठोठावल्याचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. मंत्राचे बळ तेच राहिले. त्याला किंमत मात्र आली. गुपचूप जायचे असेल तर चोराचीच गरज. त्याच आवृत्तीत लक्ष एकाग्र ठेवून चालवायचे मंत्र एका वेळी एकच चालविता येतात, हाही तसाच लगाम.

तेव्हा सूत्रधाराने दर बैठकीनंतर एवढेच विचारावे: आज कोणाचे काम दुसऱ्याने फुकटात केले? ज्याचे गेले त्याला ते परत मिळवून द्यावे. नवे पुस्तक टेबलावर घेण्यापूर्वी सर्वांची संमती घ्यावी. मांत्रिकाचे सामर्थ्य हिरावून घ्या, असे आमचे म्हणणे नाही. पण त्याच्या शेजारी बसलेला माणूसही संध्याकाळ काढून खेळायला आलेला असतो. नुसते पाहायला नव्हे.